जुनं वॉरंट आपोआप संपत नाही : सुधारलेल्या माणसाने कोर्टात कसं जायचं?

पासपोर्टच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो. तुमच्यावर कोणत्या कोर्टात फौजदारी खटला चालू आहे का? अटकेचं वॉरंट किंवा समन्स निघालेलं आहे का? उमऱ्यासाठी पै-पै जमवून फॉर्म भरायला बसलेला चाळिशीतला माणूस इथे येऊन थांबतो. विशीत मोहल्ल्यात झालेली मारामारी त्याला आठवते. तेव्हा नाव पोलीस स्टेशनला गेलं होतं, जामीन झाला होता, दोन-चार तारखा केल्या होत्या. मग तो कामासाठी भिवंडीला गेला, लग्न झालं, मुलं झाली, वाईट संगत सुटली, नमाजची सवय लागली. गावातल्या कोर्टात त्या फाईलचं पुढे काय झालं, हे त्याने कधी विचारलंच नाही.

अशी माणसं आपल्या समाजात किती आहेत, हे शिक्षकाच्या नोकरीत हळूहळू कळत जातं. मराठी आणि उर्दू दोन्ही वाचता येतं म्हणून पालक घडी करून ठेवलेले जुने कागद घेऊन येतात. "सर, जरा बघा, यात काय लिहिलंय." त्यातला एखादा कागद समन्सचा निघतो, एखादा जामीनदाराला आलेल्या नोटिशीचा. कागद हातात देताना माणसाची नजर खाली असते. लाज आणि भीती यांमुळेच तो कागद दहा वर्षं पेटीत पडून राहिलेला असतो. हा लेख अशा घरांसाठी आहे.

सगळ्यात आधी गैरसमज. "सात वर्षं झाली की केस संपते" असं चहाच्या टपरीवर छातीठोकपणे सांगणारा कुणीतरी भेटतोच. असा कोणताही कायदा नाही. सात वर्षांचा नियम बेपत्ता माणसाला मृत समजण्याबाबतचा आहे, त्याचा वॉरंटशी काही संबंध नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ७० मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की वॉरंटची बजावणी होईपर्यंत, किंवा ज्या कोर्टाने ते काढलं ते कोर्ट रद्द करेपर्यंत, ते चालू राहतं. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ७२ मध्येही हेच आहे. म्हणजे २००४ चं वॉरंट आज २० वर्षांनंतरही तितकंच जिवंत असू शकतं. लहान गुन्ह्यांत मुदतीचा नियम आहे, पण तो कोर्टाने खटला दाखल करून घेण्यापुरता. एकदा खटला सुरू झाला आणि आरोपी गैरहजर राहिला, तर त्या गैरहजेरीचा फायदा त्याला मिळत नाही.

दुसरा गैरसमज आपल्याकडे जास्त आहे, आणि तो चांगुलपणातून आलेला आहे. भांडण झालं, गुन्हा नोंदला गेला, मग जमातीच्या बुजुर्गांनी दोन्ही बाजूंना मशिदीच्या अंगणात बसवलं, सुलह केली, गळाभेट झाली, दवाखान्याचा खर्च दिला गेला. सगळ्यांना वाटलं, मिटलं. फिर्यादी तारखेला जाईना, आरोपीही जाईना. पण फौजदारी खटल्यात फिर्यादीच्या पाठीमागे सरकार पक्ष असतो, आणि अंगणातली सुलह कोर्टाच्या फाईलवर येत नाही तोपर्यंत कोर्टाच्या लेखी आरोपी फक्त गैरहजर असतो. सुलह करणं चांगलंच, पण त्याच बैठकीत बुजुर्गांनी एक वाक्य बोललं पाहिजे : आता दोघं मिळून कोर्टात जा आणि तिथे लिहून द्या. हे वाक्य न बोलल्यामुळे किती वॉरंटं निघाली असतील!

तिसरा गैरसमज, "पोलीस स्टेशनला ओळख आहे, वॉरंट दाबून टाकू." वॉरंट रद्द करण्याचा अधिकार पोलिसांना नाही. ते फक्त बजावतात. कुणी पैसे घेऊन "सेटिंग" केली म्हणाला तर इतकंच झालेलं असतं की तो कागद काही दिवस खालच्या खणात गेला. साहेब बदलले की तो पुन्हा वर येतो.

वॉरंट बनतं कसं, हे थोडं समजून घेऊ. आधी समन्स येतं. हजर राहिलं नाही तर बहुतेक वेळा जामीनपात्र वॉरंट निघतं.  यात पोलीस पकडतात, पण वॉरंटवर लिहिलेल्या रकमेचा जातमुचलका किंवा जामीनदार दिला की सोडतात आणि तारखेला हजर राहायला सांगतात. तरीही हजर झाला नाही तर अजामीनपात्र वॉरंट. यात पोलीस सोडू शकत नाहीत, कोर्टासमोरच उभं करावं लागतं, तेही प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत. कोर्टाने उठसूट अजामीनपात्र वॉरंट काढू नये, आधी समन्स आणि जामीनपात्र वॉरंटचा विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात सांगितलं आहे. पण जो एकदा जामिनावर सुटून गायब झाला, त्याच्या बाबतीत कोर्टाचा हात सैल राहत नाही.

जाता जाता एक गोष्ट. कोर्टाच्या मराठीला आपल्या लोकांनी घाबरायचं कारण नाही. फिर्याद, तारीख, मुदत, जामीन, मुचलका, वकालतनामा, फरार, कैद, हजर, रोजनामा, हे सगळे शब्द उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाच्या ओळखीचेच आहेत. फक्त 'अधिपत्र' लिहिलेलं दिसलं तर ते वॉरंट आहे, हे लक्षात ठेवा.

जुनं वॉरंट कधी समोर येईल, याचा नेम नसतो. पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत येतं. चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यात येतं. निवडणुकीआधी पोलीस प्रलंबित वॉरंटं बजावण्याची मोहीम घेतात, मुंबईत 'ऑल आऊट'सारख्या कारवाईत एका रात्रीत वॉरंटवाले उचलले जातात. मुलीच्या लग्नाच्या आदल्या रात्री, ईदच्या दिवशी किंवा दवाखान्यात आई भरती असताना दारात पोलीस उभे राहणं आणि आपण स्वतः ठरवलेल्या दिवशी वकिलासोबत कोर्टाच्या पायऱ्या चढणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोर्टही हा फरक पाहतं. स्वतःहून आलेला माणूस आणि पकडून आणलेला माणूस, जामिनाच्या अर्जावर दोघांचं वजन सारखं नसतं. गुन्हा जामीनपात्र असला तरी आधी जामिनाच्या अटी मोडलेल्या माणसाला कोर्ट पुन्हा जामीन नाकारू शकतं, अशी तरतूद कायद्यात आहे. म्हणून "कलम तर साधंच आहे, पकडलं तर बघू" हा हिशेब महागात पडतो.

आपल्या नावावर काय आहे, हे आधी शोधा

पोलीस स्टेशनला जाऊन विचारण्याआधी घरीच शोधता येतं. ई-कोर्ट्स सेवेची सरकारी वेबसाइट आणि मोबाइल अॅप आहे. त्यात राज्य, जिल्हा आणि तालुक्याचं कोर्ट निवडून पक्षकाराच्या नावाने किंवा पोलीस स्टेशन आणि गुन्हा क्रमांकाने केस शोधता येते. प्रत्येक केसला १६ अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो. तो मिळाला की पुढची तारीख, केसचा टप्पा, काही वेळा रोजनामाही दिसतो.

पण आपल्या नावांचा घोळ इथेच होतो. मराठवाडा-विदर्भात नाव 'शेख सलीम शेख रहीम' असं लिहितात, कोकणात तोच माणूस 'सलीम रहीम शेख' होतो. जुन्या कागदांवर 'शे. सलीम शे. रहीम' असतं. महंमद, मोहम्मद, मो. ही तर एकाच नावाची तीन रूपं. इंग्रजी स्पेलिंगचे प्रकार वेगळेच. म्हणून एकदा शोधून "काही नाही" म्हणून सोडू नका. सगळी रूपं टाकून पाहा, वडिलांच्या नावाने पाहा, सोबतच्या इतर आरोपींच्या नावाने पाहा. खूप जुनी केस असेल आणि आरोपी सापडत नाही म्हणून कोर्टाने फाईल 'डॉरमंट' म्हणजे सुप्त यादीत ठेवली असेल, तर ती ऑनलाइन सहज दिसणार नाही. तेव्हा वकिलामार्फत कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये शोध घ्यावा लागतो. सुप्त फाईल म्हणजे बंद फाईल नव्हे. आरोपी आला की ती पुन्हा जागी होते.

उलटंही घडतं. वॉरंट दुसऱ्याच सलीम शेखचं असतं आणि पोलीस तुमच्या दारात येतात. अशा वेळी वाद न घालता वॉरंट दाखवायला सांगा, तो आपला हक्क आहे. वडिलांचं नाव, वय, पत्ता, केस नंबर पाहा, आधार आणि रेशन कार्ड दाखवा, आणि ताबडतोब वकिलाला फोन करा. आणखी एक, वॉरंट ज्याच्या नावाचं आहे त्याच्यापुरतंच असतं. मुलगा सापडत नाही म्हणून त्याच्या बदल्यात भावाला किंवा बापाला स्टेशनला बसवून ठेवणं कायद्यात बसत नाही. अटक झाली तर घरच्यांना कळवण्याचा आणि वकिलाला भेटण्याचा हक्कही आहे, तो राज्यघटनेच्या कलम २२ पर्यंत जातो.

वकील, आणि वकिलाला पैसे नसतील तर

केस ज्या तालुक्याच्या कोर्टात आहे तिथला, फौजदारी काम करणारा वकील घ्या. मुंबईत राहता म्हणून मुंबईचा वकील परभणीला नेण्यात अर्थ नाही. त्या कोर्टाची पद्धत, तिथले कर्मचारी, पोलीस स्टेशनचा पैरवी अंमलदार, हे स्थानिक वकिलाला माहीत असतं. कोर्टाच्या आवारात "मी काम करून देतो" म्हणत फिरणाऱ्यांना हातही लावू देऊ नका. वकालतनाम्यावर ज्याची सही, त्याच्याशीच बोला.

ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्यानुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीत असलेली व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले लोक यांना वकील फुकट मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण असतं आणि आरोपींची बाजू मांडण्यासाठी लोकअभिरक्षक कार्यालयं सुरू झाली आहेत. १५१०० हा हेल्पलाइन नंबर आहे. फुकटचा वकील म्हणजे कामचलाऊ वकील, असं समजून लोक जात नाहीत आणि मग दागिने गहाण टाकतात. आधी एकदा जाऊन तर बघा.

हजर होण्याचा दिवस

वकील 'वॉरंट रद्द करण्याचा अर्ज' तयार करतो. त्यात गैरहजेरीचं खरं कारण लिहायचं. खोटं मेडिकल सर्टिफिकेट जोडू नका, हे मी हात जोडून सांगतो. दहा वर्षांच्या गैरहजेरीला आठ दिवसांच्या तापाचा कागद पुरत नाही, आणि खोटेपणा उघडा पडला तर दुसरं प्रकरण गळ्यात येतं. "मी अडाणी होतो, सुलह झाल्यावर केस संपली असं वाटलं, कामासाठी शहरात गेलो, समन्स जुन्या पत्त्यावर जात राहिलं", हे खरं असेल तर असंच सांगावं. सोबत आताच्या पत्त्याचा पुरावा, आधार, भाडेकरार किंवा घरपट्टीची पावती, कामाच्या ठिकाणचं पत्र, मुलांच्या शाळेचं बोनाफाइड. हे कागद सांगतात की हा माणूस आता पळून जाणार नाही, आणि कोर्टाला त्या घडीला नेमकं तेच पाहायचं असतं.

दिवस निवडताना आठवड्याचे सुरुवातीचे दिवस घ्या आणि सकाळी कोर्ट सुरू व्हायच्या आधी पोहोचा. शनिवारी किंवा सलग सुट्ट्यांच्या आदल्या दिवशी गेलात आणि कोर्टाने कोठडीत पाठवलं, तर जामिनाचा अर्ज ऐकायलाच दोन-तीन दिवस जातात. जामीनदार सोबत ठेवा, त्याचं रेशन कार्ड, आधार, सातबारा किंवा पगारपत्रक, कोर्ट मागेल त्याप्रमाणे. रोख जामिनाची परवानगी मागता येते, म्हणून थोडी रक्कम जवळ असावी. शुगर-बीपीच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी खिशात ठेवा. घरी बायकोला, मोठ्या मुलाला खरं सांगून निघा. वर्गात अचानक गप्प झालेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना अर्धवट काहीतरी ऐकू आलेलं असतं, आणि घरात कुणी काही सांगत नाही.

कोर्टात काय होईल? बऱ्याच साध्या केसेसमध्ये न्यायाधीश रागावतात, काही रक्कम दंड किंवा खर्च म्हणून भरायला सांगतात, नवा मुचलका आणि जामीनदार घेतात आणि वॉरंट रद्द करून पुढची तारीख देतात. कधी न्यायालयीन कोठडी होते आणि जामिनाचा वेगळा अर्ज करावा लागतो. याची हमी कोणताही वकील देऊ शकत नाही. "शंभर टक्के सोडवतो" म्हणणाऱ्यापासून सावध राहा. जुन्या जामीनदाराचाही विचार करा. तुम्ही गायब झाल्यावर कोर्ट त्याच्याकडून मुचलक्याची रक्कम वसूल करू शकतं. कित्येक घरांत मामा-चाचांनी ती गुपचूप भरलेली असते. तौबा केली म्हणणाऱ्याने आधी तो हिशेब चुकता करावा, बंद्याचा हक्क बंद्यालाच द्यावा लागतो.

गंभीर गुन्हा असेल, किंवा कोर्टाने तुम्हाला फरार घोषित करून जाहीरनामा काढला असेल, तर वरचं सगळं इतकं सोपं नाही. जाहीरनाम्यानंतर मालमत्ता जप्त होऊ शकते, हजर न राहणं हाच वेगळा गुन्हा होतो, अटकपूर्व जामीन मिळणं फार कठीण होतं. नव्या संहितेच्या कलम ३५६ नुसार दहा वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात घोषित फरारीचा खटला त्याच्या गैरहजेरीतही चालवता येतो. अशा केसमध्ये आधी संपूर्ण फाईलच्या नकला काढून अनुभवी वकिलाशी बसून ठरवा, मगच पाऊल टाका. पोटगीचं वॉरंटही वेगळं. तिथे पैसे भरल्याशिवाय सुटका नाही, आणि तुरुंगात गेल्याने थकबाकी माफ होत नाही.

बदललेलं आयुष्य कोर्टात कुठे कामी येतं?

वॉरंट रद्द झालं म्हणजे केस संपली नाही, ती पुन्हा चालू झाली. पण आता दरवाजे उघडे आहेत. ३२३, ५०४, ५०६ ही मारामारी, शिवीगाळ, धमकीची जुनी कलमं साधारणपणे तडजोडीला पात्र आहेत. (गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वीचा असेल तर कलमं जुन्या दंड विधानाचीच राहतात.) तेव्हा ती जुनी सुलह आता कागदावर आणा. फिर्यादी कोर्टात येऊन सांगेल, दोघांच्या सह्या होतील, लोकअदालतमध्येही हे होऊ शकतं. चेक बाउन्सच्या केसमध्येही कोणत्याही टप्प्यावर तडजोड करता येते.

तडजोड होण्यासारखी नसेल आणि दोष सिद्ध झाला, तर १९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा आहे. लोकांना हा फारसा माहीत नाही आणि वकीलही कधी कधी सांगत नाहीत. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात कोर्ट आरोपीचं वय, चारित्र्य, गुन्ह्याचं स्वरूप पाहून तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडू शकतं. परिवीक्षा अधिकारी घरी-कामावर चौकशी करून अहवाल देतो. या कायद्याखाली सुटलेल्याला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. पंधरा वर्षं एकही नवा गुन्हा नाही, गॅरेज चालवतो, मुलं शिकतायत, कर्ज फेडलंय, हे सगळं तोंडी सांगून उपयोग नाही. त्याचे कागद वकिलाकडे द्या. म्हणूनच "गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा" असा सल्ला मिळाला तर लगेच मान हलवू नका. कबुली म्हणजे दोषसिद्धी. तिचा नोकरीवर काय परिणाम होईल ते आधी विचारा.

आणि घटनेच्या वेळी वय १८ पेक्षा कमी असेल तर? हा मुद्दा बाल न्याय कायदा २०१५ नुसार कधीही, केस निकाली निघाल्यानंतरही, उपस्थित करता येतो. वयासाठी आधी शाळेचा किंवा दहावीच्या बोर्डाचा जन्मतारखेचा दाखला पाहिला जातो, तो नसेल तर नगरपालिका-पंचायतीचा जन्मदाखला. आपल्या शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून असते, हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही तो दाखला काढा. जुन्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना अर्ज दिला की रजिस्टरचा उतारा मिळतो, वीस वर्षांपूर्वीचाही.

आता पासपोर्टकडे येऊ. वॉरंट चालू असताना फॉर्ममध्ये 'नाही' लिहिणं हा पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम १२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एका जुन्या चुकीवर नवी चूक कशाला? वॉरंट रद्द करून घ्या. केस चालू असली तरी २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार त्याच कोर्टाकडे परदेशी जाण्याची परवानगी मागता येते आणि त्या आदेशावर मर्यादित मुदतीचा पासपोर्ट मिळतो. कोर्टाने मुदत लिहिली नसेल तर तो एक वर्षाचा असतो. उमऱ्यासाठी तेवढा पुरतो, फक्त प्रवासाच्या तारखेला त्याची पुरेशी मुदत शिल्लक असायला हवी. म्हणून अर्जात मुदत स्पष्ट मागून घ्या.

शेवटचं काम लोक हमखास विसरतात. वॉरंट रद्द झाल्याचा आदेश पोलीस स्टेशनला पोहोचला का, हे पाहणं. २००२ साली मुंबईत एका वकिलांचं वॉरंट कोर्टाने रद्द केलं होतं, तरीही १५ ऑगस्टला पोलिसांनी त्यांना अटक केली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०११ साली न्यायालयाने सांगितलं की कोर्टात आणि पोलीस स्टेशनमध्ये वॉरंटची नोंदवही असावी, रद्द झालेल्या वॉरंटची माहिती लगेच कळवावी. जे वकिलाच्या बाबतीत घडलं ते वेल्डरच्या बाबतीत घडायला वेळ लागणार नाही. म्हणून त्याच दिवशी नकलेचा अर्ज करा, आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल घ्या, एक प्रत पोलीस स्टेशनला देऊन पोच घ्या, एक घरी ठेवा आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये. पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहा. वकिलाला आपला नवा नंबर द्या. पत्ता बदलला तर कोर्टाला लेखी कळवा, कारण पुढचं समन्स त्याच पत्त्यावर जाणार आहे.